काऊन म्हणजे कावळा

मागच्या महिन्यात रोहिणखेडच्या शाळेतली एक तरुण मास्तरीण माझ्या दुकानात आली. खोडकेबाबूंना पंचाहत्तर पूर्ण होतात, त्यांच्या बालनाटकांवर आणि पिच्चरांवर पुस्तिका काढतोय, तुम्ही त्यांच्या नाटकांचे कपडे शिवत होता तर दोन पानं लिहून द्या, म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी चौथी नापास. ती म्हणाली, काही हरकत नाही काका, तुम्ही कसंही लिहा, आम्ही शुद्ध करून घेऊ.

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं. पण मला सुई नखात गेल्यासारखं झालं. आयुष्यात मी एकदाच शुद्ध बोललो, आणि ते अजून निस्तरलं नाही. म्हणून आधीच सांगतो, छापायचं तर हे असंच छापा, नाही तर कागद परत करा. माझा हात लिहायला बसला की शाळेत मारून शिकवलेलंच लिहितो, तोंडातलं लिहायला अजून धजत नाही. तेवढं सोडून बाकी सगळं खरं आहे.

खोडकेबाबू खामगावच्या नगरपालिकेत कारकून होते. जन्म-मृत्यूची खिडकी त्यांच्याकडं. एकाच खिडकीवर एक पेढे घेऊन उभा, दुसरा डोकं भादरून उभा. बाबू दोघांना सारख्याच आवाजात विचारायचे, नाव सांगा. अंगानं काडी, दोन्ही कानांवर दोन पेनं. एक सरकारी, एक नाटकाचं. चुकूनही सरकारी पेनानं नाटकाची ओळ लिहीत नसत. ऐकताना डोळे मिटून डावा कान पुढं करायचे. नवीन माणसाला वाटे झोप लागली.

माझं दुकान कापूस बाजाराच्या रस्त्याला. पुढं मशीन, मागं पडदा, पडद्यामागं घर. पडद्याच्या अलीकडं उंबऱ्यापाशी पाट टाकून माझी बायको सुभद्रा बसायची. काज, बटन, तुरपाई तिच्याकडं. बाबू पहिल्यांदा आले तेव्हा तीच हसली, मी नाही. ते म्हणाले, मास्तर, बकरी शिवता येईन का?

मी म्हटलं, बाबू, सफारी शिवली, बँडवाल्यांचे कोट शिवले, बकरी नाही शिवली. तर म्हणाले, मंग माप घ्या तिचं. आणि दुसऱ्या दिवशी चौथीतली एक पोरगी घेऊन आले. ही बकरी, म्हणाले. सुभद्रा तोंडाला पदर लावून आत पळाली.

ते नाटक म्हणजे 'बकरीचा दाखला'. ते कुठून आलं ते बाबूंनीच आम्हाला सांगितलं. एक दिवस खिडकीवर कोणीच नाही, नुसता एक हात. खिडकी उंच, पोरगी बुटकी. तो हात म्हणाला, बाबू, बकरीले पिल्लू झालं, नाव लिवा. बाबूंनी वाकून पाहिलं. बकऱ्या चारणाऱ्याची पोर. तिला म्हणाले, बकरीच्या पिल्लाचं नाव इथं लिहीत नसतात. तिनं विचारलं, काऊन? ते माणसांचं पुस्तक आहे म्हणून. काऊन? सरकारचा नियम आहे म्हणून. काऊन? तासभर ती हलली नाही. मागं रांग लागली. शेवटी बाबूंनी कोरा कागद घेतला, नाटकाच्या पेनानं पिल्लाचं नाव, जन्मवार, आईचा रंग लिहून दिला. शिक्का मात्र मारला नाही. शिक्का खोटा मारता येत नाही, म्हणाले, बाकी कागद खरा आहे.

त्या पोरीवरून नाटक लिहिलं आणि तिचं नाव ठेवलं काऊनी. कारण ती सारखी काऊन विचारायची. आमच्याकडं 'का' म्हणायला 'काऊन' म्हणतात. हे सांगायची गरज पडते हीच माझी लाज, पण ते पुढं येईल.

बाबू खिडकी बंद करून संध्याकाळी दुकानात येत. मी त्यांना उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांची एक पिशवी शिवून दिली होती, तिच्यात वही. मशीनपाशी स्टुलावर बसून वाचून दाखवायचे. मला वाटे मला दाखवतात. मी मान हलवायचो, वा वा करायचो. बऱ्याच दिवसांनी कळलं की ते माझ्याकडं पाहतच नाहीत. ते पाहायचे सुभद्राच्या हाताकडं. ती खाली मान घालून काज करत असायची. हात चालत राहिला तर ओळ मेलेली. हात थांबला, सुई अधांतरी राहिली, की बाबू कानावरचं पेन काढून त्या ओळीपाशी सुईची खूण करायचे. एक उभी रेघ, वर बारीक छिद्र. ज्या पानावर एकही सुई नाही ते पान फाडून माझ्या चिंध्यांच्या टोपलीत.

तिला हे कधी सांगितलं नाही त्यांनी. सांगितलं असतं तर ती लाजून मुद्दाम हात चालवत राहिली असती. पण बायकांना कळतं. तिला कळलं होतं.

माझी टेपही ते वापरायचे. लेकराच्या तोंडची ओळ वहीवर टेपनं मोजायची, चार इंचांवर गेली की कापायची. लेकराचा दम चार इंचांचा असतो, म्हणायचे. आणि एक त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. आमचं कापसाचं गाव, म्हणून तसंच सुचलं असेल. "मोठ्या मानसाचं बोलनं म्हनजे रुई, मास्तर. नुसती फुगते. पोट्ट्यायचं बोलनं म्हनजे सरकी. तेल तिच्यात असते."

काऊनीच्या नाटकात एक ओळ होती. खिडकीवरचा बाबू विचारतो, बकरीच्या पिल्लाले दाखला काऊन पाह्यजे बे तुले? तेव्हा काऊनी म्हणते, "माह्या वेळेले कोनी लिवलं नाई, म्हून मले शाळेत घेत नाईत. त्याच्या वेळेले तरी लिवा." बाबूंनी ती वाचली तेव्हा सुभद्राचा हात थांबला तो थांबलाच. मी दोनदा म्हटलं, अगं शर्ट द्यायचा आहे. ती म्हणाली, मलेबी कोनी लिवलं नाई. खरं होतं. तिचा जन्म कुठल्या साली, तर तिच्या आईला फक्त एवढंच सांगता येई की त्या वर्षी विहिरीत पडलेली म्हैस जिवंत निघाली. बाबूंनी त्या ओळीपाशी दोन सुया काढल्या. दोन सुया असलेली वहीत ती एकच ओळ.

बकरीची गंमत सांगतो. मी घोंगडीची बकरी शिवली, पाठीतून गच्च बंद. सुभद्रा म्हणाली होती, अहो, मुतायले जागा ठेवा. मी म्हटलं, नाटक आहे का वावर आहे? शाळेच्या गॅदरिंगमध्ये भर नाटकात बकरी पाय आवळून उभी. मग पडद्याकडं पाहून खणखणीत म्हणाली, बाबू, मले लागली. लोक पोट धरून हसले. हेडमास्तर लाल झाले. मी शरमेनं विंगेत लपलो. बाबू मात्र वहीत लिहीत होते. पुढच्या प्रयोगात बकरीच्या तोंडी ती ओळ होतीच, आणि पाठीला सुभद्रानं लावलेले हूक होते. लेकराच्या तोंडून निघालं ते खोडायचं नाही, हा त्यांचा कायदा.

ते नाटक अकोल्याला स्पर्धेत गेलं. नंबर नाही आला, भाषा अशुद्ध म्हणून मार्क कापले. पण पाहायला आलेला कोणी एक माणूस पुण्यात जाऊन बोलला, आणि लेकरांचा पिच्चर काढणारे एक साहेब तिथून बाबूंच्या खिडकीवर येऊन उभे राहिले. गोष्ट त्यांना आवडली होती. फक्त बोलणं बदलायचं होतं. हे असं खरं कोणी बोलत नसेल, नाटकासाठी तुम्ही केलंय, असं त्यांचं म्हणणं. बाबूंनी सांगितलं, गोष्ट घ्या, पण माझी पोट्टी जशी बोलतात तशीच बोलतील. दोघांचं अडलं. मग बाबू त्यांना म्हणाले, माझं खरं धरू नका, गावातल्या माणसाला विचारा. तो म्हणेल तसं.

गावातला माणूस म्हणजे मी.

आदल्या दिवशी सांगायला आले. "मास्तर, उद्या पाहुने घेऊन येतो. तुमी काहीच करू नका. रोज बोलता तसं बोला फक्त." एवढंच मागितलं त्यांनी माझ्याकडं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही.

मी काय केलं ते सांगण्याआधी एक सांगतो. ते कारण नाही, पण झालं होतं. एकोणीस वर्षांचा असताना मी पुण्याला एका टेलरच्या दुकानात सात महिने कामाला होतो. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मले कात्री द्या. त्या दिवसापासून माझं नाव 'मले'. मले, चहा आण. मले, इस्त्री कर. गिऱ्हाइकासमोर मालक म्हणायचा, हा आमचा मले, आणि गिऱ्हाईक हसायचं. मी रात्रंदिवस घोकून 'मला' शिकलो, तरी नाव गेलं नाही. परत आलो तो पुन्हा पुण्याचं तोंड पाहिलं नाही. आणि आता पुणं माझ्या दुकानात येणार होतं.

मी सकाळी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. सुभद्राला म्हटलं, ग्लास नको, कप काढ. ती म्हणाली, पोरगी पाह्यले येऊन राह्यले काय?

साहेब आले, बरोबर वही घेतलेली एक बाई. दोघं गोड माणसं. जमिनीवर बसायला तयार. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्यानं निदान विचारलं तरी. म्हणाला, काका, एक खरं सांगा, इथली मुलं 'मले, तुले, काऊन' असं बोलतात का हो?

बाबू स्टुलावर होते. वही मांडीवर त्या दोन सुयांच्या पानावर उघडी, डोळे मिटलेले, डावा कान पुढं.

माझ्या तोंडून निघालं, "छे छे साहेब. पूर्वी बोलत असत अडाणी लोक. आता सगळे शिकलेले आहेत. आम्ही तर घरातसुद्धा शुद्धच बोलतो."

'बोलत असत'. हे कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे.

बाबूंनी डोळे उघडले. ऐकताना त्यांनी डोळे उघडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

साहेबांना माझं बोलणं पटलं. मग म्हणाले, पण हे काऊन म्हणजे नक्की काय? काऊ का? कावळा?

आता तरी सांगायचं होतं. पण एकदा शुद्ध बोललेला माणूस 'काऊन म्हणजे का' हे सांगणार कोणत्या तोंडानं? तो शब्द मला येतो हेच दिसलं असतं. मी म्हटलं, हो हो, तसंच काहीतरी. कावळ्यालाच लहान मुलं म्हणतात तसं. साहेब टाळी देऊन हसले. त्या बाईला म्हणाले, लिही, कावळा. मस्त आहे.

पडदा हलला आणि सुभद्रा चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं, पडदा म्हणजे काय भिंत असते? त्या बाईनं तिला विचारलं, काकू, तुम्ही इथल्याच का? सुभद्रा हसली आणि मान हलवली. अजून काही विचारलं, पुन्हा मान हलवली. दिवसभर बडबड करणारी माझी बायको एक शब्द बोलली नाही. तिनं तोंड उघडलं असतं तर पहिल्याच शब्दाला मी खोटा पडलो असतो. म्हणून ती मुकी झाली. बाबूंचा कप ठेवताना क्षणभर त्यांच्या वहीवर वाकली. चहा सांडला असेल, पदरानं पुसत असेल, असं मला वाटलं. मी पाहुण्यांकडं पाहत होतो.

पाहुणे गाडीकडं गेले. बाबू मागं थांबले. त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली, आणि म्हणाले, "मास्तर, माह्या खिडकीवर लेकराचा बाप जे सांगते ते मी लिवतो. खरं-खोटं त्याच्याजवळ. नोंद सांगनाऱ्याची असते. आता तुमी सांगतलं, तसं लिवून देतो मी." आवाजात राग नव्हता. मला बिनडोकाला वाटलं, सुटलो.

सुभद्रा बशा उचलायला आली. उचलता उचलता माझ्याकडं न पाहता म्हणाली, "काऊन?"

तेवढंच. मी जाऊन मशीनवर बसलो.

दोन महिन्यांनी पुण्याहून निरोप आला, कावळ्याचा पोशाख शिवायचा आहे, तुमच्याकडूनच. पिच्चरमध्ये आता एक कावळा होता. पोरीच्या स्वप्नात यायचा. मी काळं साटीन आणलं. पंख कापले, शेपूट कापली. सुभद्रासमोर ठेवलं तर तिनं ते हातानं परत सरकवलं. म्हणाली, याच्या काजाले मी हात लावनार नाई. तीस वर्षांत कामाला नाही म्हणायची ती पहिली वेळ. काज मीच केले. फाटलेल्या ओठांसारखे झाले.

पिच्चर आला तेव्हा शाळांसाठी सकाळचा खेळ लावला होता. टॉकीज पोरांनी भरलेली. बाबूंना हार घालून पहिल्या रांगेत बसवलं, आम्ही मागं. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, कथा, पटकथा, संवाद, आणि बाबूंचं पूर्ण नाव. संवादसुद्धा. मला वाटलं होतं तिथं तरी दुसऱ्याचं नाव असेल. जे मी बोललो ते त्यांच्या नावावर लागलं.

काऊनीचं नाव चिऊ झालं होतं. दोन वेण्या, लाल रिबनी. खिडकीला निळा रंग. चिऊ विचारायची, का बरं काका? आणि दोन सुयांच्या त्या ओळीच्या जागी ती म्हणाली, 'माझ्या जन्माची नोंद कोणीच केली नाही हो, म्हणून मला शाळेत प्रवेश मिळत नाही, निदान याच्या जन्माची तरी नोंद करून घ्या ना.' टेप लावली असती तर सहा इंच भरली असती. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुभद्राच्या हाताकडं पाहिलं. मांडीवर पडलेला होता, मेल्यासारखा.

पोरं गप्प बसून पाहत होती. मास्तरांनी दम दिला असेल. मग स्वप्न आलं, माझ्या साटीनचा कावळा पंख फडफडवत 'काऊन काऊन' गाणं म्हणत नाचायला लागला. आणि मागच्या रांगेतून एक बारका आवाज आला, "हा कावया काऊन आला बे?"

सगळी टॉकीज फुटली. पोरं बाकांवर उभी राहून हसली. अख्ख्या पिच्चरमध्ये तेवढंच हसू. पहिल्या रांगेत बाबू हार सावरत मागं वळले, कोणतं लेकरू बोललं ते शोधत होते. हात कानावरच्या पेनाकडं गेला होता. मग त्यांनी तो खाली घेतला.

तो पिच्चर चालला. बक्षीसही मिळालं कुठलं. बाबूंना पुण्या-मुंबईचे लोक बोलावू लागले. त्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली, पुण्याला खोली घेतली. किती तरी वर्षं लेकरांचे पिच्चर लिहिले, नाटकं लिहिली, टीव्हीवर बोलणाऱ्या खारीची मालिका लिहिली. गावात लोक म्हणत, खामगावचा माणूस मोठा झाला. मीसुद्धा गिऱ्हाइकाला स्टूल दाखवायचो, इथं बसून लिहायचे म्हणून सांगायचो. मी असं सांगताना सुभद्रा आत निघून जायची.

त्यांचं काही टीव्हीवर लागलं की ती काज घेऊन समोर बसे. पूर्ण पाहायची. पण हात चालूच. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही थांबला नाही. शर्टाचे सातही काज होऊन जायचे. दिवाळीला बाबू यायचे, पिशवीत सोनपापडी, वही नाही. विचारायचे, वहिनी, पाह्यलं का? ती म्हणायची, हाव भाऊजी, चित्रं चांगली होती.

बाबू मान खाली घालून हसायचे. माझ्याकडं पाहत नसत. तिनं मला त्यातल्या एका दिवाळीला, ते गेल्यावर म्हटलं होतं, सांगून टाका त्यायले एकडाव, मी खोटं बोललो म्हना. मी म्हटलं, आता काय त्याचं? माणूस मोठा झाला, आपल्यामुळंच झाला म्हण. तिनं सोनपापडी उचलून आत फळीवर ठेवली.

मग बाबू थकले. खारीची मालिका बंद पडली, नवीन लोक आले. ते पुणं सोडून रोहिणखेडला, आपल्या मूळ गावी येऊन राहिले. तिथल्या शाळेत पोरं गोळा करून पुन्हा नाटकं करू लागले. मला कळायचं, पण मी गेलो नाही. एस.टी.नं जाता आलं असतं, काही अवघड नव्हतं.

सुभद्रा मागच्या मार्गशीर्षात गेली. किडनीचं झालं होतं. शेवटी शेवटी बोलणं बारीक झालं होतं, कान तोंडापाशी न्यावा लागे. एका दुपारी म्हणाली, भाऊजीले सांगतलं काय? मी खोटंच म्हणालो, हाव, सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. बायकोला मरताना फसवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. चार दिवसांनी ती गेली.

नवव्या दिवशी बाबू बसायला आले. एकटे. केस पांढरे, कानांवर पेन एकच राहिलेलं. पट्ट्यांची तीच पिशवी, तिचा बंद कुणीतरी वाकड्या टाक्यांनी शिवलेला. खुर्ची दिली तर बसले नाहीत, स्टूल ओढून घेतलं. पाट उंबऱ्यापाशी तसाच होता, मला उचलवला नव्हता. बाबू त्याच्याकडंच तोंड करून बसले.

मग मी सांगितलं. त्या दिवशी मी खोटं बोललो बाबू, गावात सगळे तसंच बोलतात, मीही बोलतो, मला लाज वाटली. कावळ्याचं सांगितलं. शेवटच्या दुपारचंही सांगितलं. बाबू डोळे मिटून, डावा कान पुढं करून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मले मालूम होतं, मास्तर. त्याच दिवशी."

पिशवीतून त्यांनी जुनी वही काढली. पानं पिवळी. ते पान त्यांना शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथं उघडली. दोन सुयांच्या खुणेशेजारी, त्या ओळीतच, तिसरी सुई होती. खरी. गंजलेली, कागदाला तिचा तांबडा डाग पडलेला, आणि नाकात पांढरा दोरा अजून ओवलेला. दोऱ्याच्या टोकाला सुभद्राची गाठ. तिची गाठ मी हजारात ओळखेन. वळून दोनदा घ्यायची.

"चहा ठेवताना टोचली वहिनीनं," बाबू म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्ही तिथंच काऊन नाही बोलले? गाडी उभी होती. सांगायचं होतं, हा माणूस खोटा आहे.

"वहिनी तुमच्यासाठी चूप राह्यल्या. मी बोललो असतो तं त्यायचं चूप राहनं वाया गेलं असतं." पुढं म्हणाले, "मंग एक लिवलं तसं, तं दुसरंबी लिवावं लागते. मंग सवय लागते."

म्हणजे दोघांनीही माझी लाज झाकली. एकीनं गप्प राहून, एकानं आपलं बोलणं देऊन. आणि मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना स्टूल दाखवत होतो.

मी म्हटलं, बाबू, ती सुई मला द्या. घरात तिचं सगळं आहे, पण तिच्या हातानं गाठ मारलेला दोरा नाही. मी हात पुढं केला होता.

बाबूंनी वही मिटली नाही, पण तिच्यावर हात ठेवला. "नाई मास्तर. थे वहिनीनं मले देल्ली."

बरोबरच होतं. मी हात मागं घेतला.

रिकामा हात कसातरीच वाटला म्हणून मी बाजूला पडलेला एक शर्ट ओढला आणि काज करायला घेतलं. सुभद्रा गेल्यापासून काज मीच करतो. बाबूंनी पिशवीतून दुसरी वही काढली, नवी, शाळेची. रोहिणखेडच्या पोरांसाठी लिहून राह्यलो, म्हणाले. डोळ्यांजवळ धरून वाचू लागले, त्याच आवाजात, पेढेवाल्याला आणि भादरलेल्याला नाव विचारायचे त्या. एक आजी मरते, तिची नात तिच्या खाटेपाशी बसून असते. घरातले मोठे रडून उठून जातात, नात चष्मा हातात घेते आणि विचारते,

"आजी मेली, तं तिच्या चष्म्यातून आता कोन पाह्यते?"

माझा हात थांबला. आपोआप थांबला, मी थांबवला नाही. सुई कापडाच्या वर तशीच राहिली.

बाबू पाटाकडं पाहत होते. पेन कानावरून काढून बोटांत धरलं होतं. बराच वेळ वाट पाहिली त्यांनी. मग पेन परत कानावर ठेवलं, आणि खूण न करता पुढची ओळ वाचायला घेतली.